बघ, जा, किती, पूस

त्यांच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्या कुणाला काम करता यायचं नाही. ऑफिसात सगळ्यांना हे माहीत होतं. तरी एका दुपारी ते जेवायला गेलेले असताना शेजारच्या टीममधले एक जर्मन गृहस्थ घाईघाईने त्यांच्या खुर्चीत बसले. समोर टर्मिनलची काळी खिडकी उघडी होती आणि तिच्यात इंग्रजी अक्षरांत एकच शब्द उभा होता: ‘पुढे?’ त्याचा अर्थ जर्मनमधल्या ‘वाइटर?’सारखाच, पुढे जायचं का, असा होतो, हे गृहस्थांना कधीतरी कळलेलं होतं. त्यांनी सरळ ‘जा’ टाइप केलं. इंग्रजी अक्षरांतलं हे जा जर्मनमध्ये ‘या’ असं वाचतात आणि त्याचा अर्थ हो. मशीनने पुन्हा विचारलं, पुढे? त्यांनी पुन्हा ‘जा’ टाइप केलं. चार-पाच वेळा हो म्हणूनही मशीन तोच प्रश्न विचारतंय म्हटल्यावर ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, याला नक्की काय हवंय?

त्या खुर्चीच्या मालकांनी ‘जा’ला मराठीतला अर्थ दिला होता. अमुक फोल्डरमध्ये जा. कुठे ते न सांगता नुसतं जा म्हटलं, की मशीन आपल्या घरच्या फोल्डरमध्ये जाऊन उभं राहायचं. गृहस्थ पाच वेळा हो म्हणाले होते आणि मशीन पाच वेळा घरी जाऊन आलं होतं.

ही गोष्ट दोन हजार चौदा-पंधराची, जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या ऑफिसातली. मी चिंचवडहून नुकतीच आले होते, सव्वीस वर्षांची होते, आणि माझी प्रोबेत्साइट चालू होती. त्या सहा महिन्यांत कंपनीला नको वाटलं तर दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवता येतं, आणि नोकरी गेली की माझ्या व्हिसाचंही काही खरं नव्हतं. मला काम शिकवायची जबाबदारी त्यांच्यावर आली, कारण मजल्यावर मराठी आम्ही दोघंच. ते मूळचे मिरजेचे, वय चोपन्न, जर्मनीत येऊन बावीस वर्षं झालेली. पहिल्याच दिवशी मी त्यांना काका म्हटलं. ते म्हणाले, ऑफिसात काका नको. मग सर? तेही नको. मग काय म्हणू, असं विचारायचा धीर झाला नाही. पुढचं वर्षभर मी त्यांना ‘अहो ऐका ना’ म्हणूनच हाक मारली.

शेल म्हणजे काय ते त्यांनी मला असं शिकवलं, की आपण बोलायचं आणि मशीनने ऐकायचं, त्यांच्यामधला जो दुभाषा असतो तो शेल. प्रत्येकाच्या घरच्या फोल्डरमध्ये एक सेटिंगची फाइल असते. दुभाषा उठला की आधी ती वाचतो. आपल्याला लांबलचक कमांडला छोटं नाव द्यायचं असेल तर ते त्या फाइलीत लिहून ठेवायचं. कुणाच्या फाइलीत अशा दहा-वीस ओळी असतात. यांच्या फाइलीत चौदाशेच्या वर होत्या. फाइलींची यादी दाखवायला ‘बघ’. पडदा साफ करायला ‘पूस’. फाइल उडवायला ‘नको’, आणि नको म्हटलं की मशीन विचारायचं, खरंच?

डिस्कवर किती जागा खाल्ली गेली आहे ते बघायची मूळ कमांड फक्त दोन अक्षरांची आहे, डी आणि यू. हिला छोटं करायची काहीच गरज नव्हती. पण त्यांनी तिचंही नाव बदलून ‘किती’ केलं होतं. मी कारण विचारलं.

“ते वाच ना कसं होतं,” ते म्हणाले. “डू. ओळख ना पाळख, मशीनला एकदम एकेरी हाक मारायची?”

ते विनोद करतायत असं वाटून मी हसले. ते हसले नाहीत. आणि गंमत अशी, की ऑफिसात सगळे एकमेकांना डूच, म्हणजे तूच, म्हणत. जर्मनमध्ये बोलताना मीसुद्धा त्यांना डू म्हणे, मराठीत तुम्ही, आणि एकाच वाक्यात दोन्ही भाषा आल्या की अर्ध्यावर गडबडून गप्प बसे.

सकाळी कॉफीच्या आधी ‘किती’, जेवणाच्या आधी ‘किती’, घरी जाताना ‘किती’. डिस्क अर्धी रिकामी असली तरी. पंचेचाळीस टक्क्यांची सत्तेचाळीस झाली तर त्यांचा चेहरा उतरायचा. कुणी काय ठेवलंय ते शोधत ते टेबलाटेबलावरून फिरत आणि अगदी नम्रपणे विचारत, ही फाइल तुम्हाला अजून लागते का? लोकांना आपण काही चोरलं की काय असं वाटायचं.

घरीही तेच. रविवारी त्यांच्याकडे जेवायला बोलावलं की दारातच मला विचारायचे, किती जागा आहे? म्हणजे पोटात. आतून काकू म्हणायच्या, “अहो, तिला आत तर येऊ द्या.” त्यांची मुलगी तेव्हा बारावीत होती. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमधून यायचं, आणि वडिलांचं असं काही सुरू झालं की ती नुसतं ‘पापा’ म्हणून डोळे फिरवायची. फ्रिजच्या प्रत्येक कप्प्यावर चिठ्ठी होती. खालचं केलर, म्हणजे तळघर, जिथे लोक सायकली आणि जुने सोफे कोंबतात, ते यांचं पूर्ण मोकळं. दिवा लावून त्यांनी मला ते दाखवलं होतं. मी कौतुक तरी कशाचं करायचं?

लहानपणी अडचणीत, दोन खोल्यांत वाढले असतील, असा मी आपला अंदाज बांधला आणि एकदा भाजी चिरता चिरता काकूंना तसं म्हटलं. त्या हसायलाच लागल्या. “छे गं. मिरजेला यांचं एवढं मोठं घर, की लग्नानंतर दोन महिने मी जिना चुकायचे.” म्हणजे तेही नाही. त्या माणसाबद्दल मी जे जे ठरवलं ते असंच चुकत गेलं.

सोमवार हा त्यांचा सेटिंगची फाइल झाडायचा दिवस. ती चौदाशे ओळींची फाइल ते वरून खालपर्यंत वाचत आणि एखादं नाव पटेनासं झालं की बदलून टाकत. गेल्या आठवड्यात ‘दे’ होतं ते या आठवड्यात ‘घे’ व्हायचं, कारण विचार केला तर मशीन देत नाही, आपण घेतो. एवढ्यावर भागलं असतं, पण त्या फाइलीशिवाय त्यांना कामच करता येत नसल्यामुळे ती ते जिथे जातील तिथे घेऊन जात. आम्ही ज्या ग्राहकाचं काम बघत होतो, ती कंपनी दवाखान्यांना आणि औषधांच्या दुकानांना माल पुरवायची. त्यांच्या मुख्य सर्व्हरवर आम्हा दोघांना मिळून एक खातं होतं. तिथेही त्यांनी आपली फाइल नेऊन ठेवली होती. त्यामुळे मीसुद्धा तिथे बघ, जा, किती, पूस असंच बोलायला शिकले. मूळ कमांड मला येत होत्या, पण बोटांना सवय लागली ती यांच्या भाषेची.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी आमची टीमलीड माझ्या टेबलाशी आली. पन्नाशीची, शांत, मोजकं बोलणारी बाई. तिला काहीतरी बघायचं होतं. मी त्या सर्व्हरवर लॉगच्या फोल्डरमध्ये होते. लॉग म्हणजे प्रोग्राम दिवसभर स्वतःच लिहीत असतो ती नोंदवही: अमुक ऑर्डर आली, अमुक गेली. पडद्यावर बराच मजकूर साचला होता, म्हणून मी ‘पूस’ टाइप केलं. पडदा कोरा झाला. तिला हवं ते दाखवलं आणि ती गेली.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास ग्राहकाचा फोन आला. ऑर्डरी अडकल्या होत्या. गोदामात माणसं हात बांधून उभी होती आणि दवाखान्यांचे फोन यायला लागले होते. सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरली होती. माझ्या शेजारी बसून त्यांनी लगेच ‘किती’ टाइप केलं. सगळ्या फाइलींची बेरीज आली साठ टक्के. पुन्हा केलं. साठ. मग दुसऱ्या कमांडने थेट डिस्कलाच विचारलं. शंभर.

मी बेरीज कागदावर करून बघितली. एक फोल्डर राहून गेलं असेल म्हणून पुन्हा केली. साठच. भरलेली डिस्क समोर आहे आणि चाळीस टक्के कशाने भरली ते कुठेच दिसत नाही. ते मात्र खुर्चीत मागे रेलून छताकडे बघत होते. टीमलीड मागे येऊन उभी राहिली. पाच मिनिटं गेली असतील. मग ते एकदम पुढे झाले, एक कमांड टाइप केली आणि पडद्यावर बोट ठेवून मला मराठीत म्हणाले, “ही बघ. पुसलेली फाइल.”

लॉगची फाइल मंगळवारीच पुसली गेली होती. यादीतून तिचं नाव गेलं होतं, म्हणून बेरजेत ती येत नव्हती. पण प्रोग्रामने ती उघडलेली होती, आणि प्रोग्राम काही तिला सोडत नव्हता. नाव नसलेल्या त्या फाइलीत तो दोन दिवस लिहीतच राहिला. रोज रात्री लॉग गुंडाळून ठेवणारं जे काम आपोआप चालायचं, त्याला ती सापडलीच नाही. डिस्क भरेपर्यंत ती वाढत गेली.

टीमलीड म्हणाली, मग प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू कर, फाइल सुटेल, जागा मोकळी होईल. बरोबरच होतं. दोन मिनिटांचं काम. ते म्हणाले, नाही.

प्रोग्राम बंद केला की ती फाइल कायमची जाणार होती, आणि दोन दिवसांत कुठली औषधं खरोखर निघाली आणि कुठली वाटेत अडकली, हे फक्त त्या फाइलीत होतं. प्रोग्रामच्या हातात ती आहे तोवर त्याच्या हातातूनच ती दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेता येईल, असं त्यांचं म्हणणं. किती वेळ लागेल? चाळीस मिनिटं. टीमलीडने घड्याळाकडे बघितलं. ग्राहकाचा फोन पुन्हा वाजत होता. तिने दुसऱ्यांदा सांगितलं, बंद कर. त्यांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले आणि जर्मनमध्ये सावकाश म्हणाले, बंद करायचं असेल तर तू कर, माझ्या हातून होणार नाही. तिने केलं नाही. ती फोन घेऊन बाहेर गेली आणि ती चाळीस मिनिटं तिने ग्राहकाचं ऐकून घेतलं.

फाइल उतरली. प्रोग्राम पुन्हा सुरू झाला. त्या नोंदींवरून संध्याकाळपर्यंत एकेक ऑर्डर जुळवता आली. दोन दवाखान्यांचा माल निघालाच नव्हता, तो गाडीने त्याच दिवशी पाठवला. ती फाइल गेली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

मग प्रश्न आला, पुसली कुणी. खात्यावर टाइप झालेल्या कमांडची यादी निघाली. मंगळवार, दुपार, माझं मशीन, ‘पूस’. मला वाटलं, काहीतरी चूक होतेय. पूस म्हणजे पडदा. कॉफीच्या मशीनपाशी त्यांनी मला गाठलं आणि हळूच म्हणाले, “अगं, पूस मी सोमवारी बदललं. पडदा नाही, लॉग. लॉग गेला की पडदा आपोआप साफ होतो, म्हणून तुला कळलं नाही. तुला सांगितलं होतं मी.”

“नाही सांगितलंत.”

“सांगितलं होतं.”

“नाही. मला आठवलं असतं.”

मी फार ठामपणे म्हणाले. खरंच काही आठवत नव्हतं, आणि डोळ्यांपुढे चिंचवडचं परतीचं तिकीट दिसत होतं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, नव्या ‘पूस’ला ‘खरंच?’ असं विचारायला लावायचं होतं, तेही राहून गेलं वाटतं. आणि कप तिथेच ठेवून निघून गेले.

शुक्रवारच्या बैठकीत टीमलीडने विचारलं, काय झालं. मला मनातून आशा होती की ते सगळं आपल्यावर घेतील. ते म्हणाले, “टाइप तिने केलं. कमांड मी बदलली, आणि तिला सांगितलं नाही.”

माझं नाव त्यांनी घेतलं, एवढंच मला ऐकू आलं. आपल्याच माणसाने, प्रोबेत्साइटमध्ये असताना, सगळ्यांसमोर. ‘सांगितलं नाही’ हे नंतर लक्षात आलं, तेव्हा वाटलं, म्हणजे शेवटी मान्य केलं तर. माझंच खरं होतं. मग काल का भांडत होते? राग धरावा की आभार मानावेत ते ठरेना, म्हणून मी नुसतं बोलणं बंद केलं.

मला काढलं नाही. टीमलीड एवढंच म्हणाली, की न सांगितलेली गोष्ट तुला कशी कळणार. पण नियम झाला: ग्राहकाच्या सर्व्हरवर ज्याचं त्याचं खातं वेगळं, आणि शेल जसा येतो तसाच वापरायचा. पुढे हा नियम ऑफिसातल्या मशीनलाही लागला. सेटिंगची ती फाइल त्यांनी स्वतः उडवली. मी बघितलं नाही, पण मशीनने त्यांना ‘खरंच?’ असं विचारलं असणार.

दुसऱ्या सोमवारी ते कोऱ्या शेलसमोर बसले आणि ‘बघ’ टाइप केलं. असली कमांड नाही, मशीन म्हणालं. ‘जा’. नाही. ‘किती’. नाही. बराच वेळ कीबोर्डचा आवाज आला नाही. मी तिरक्या नजरेने बघितलं, तर ते हातांकडे बघत होते. बावीस वर्षांत मूळ नावं पुसली गेली होती. अबोला होता तरी मला राहवलं नाही. मी खुर्ची सरकवली आणि एकेक सांगायला लागले, हे असं, ते तसं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. लिहिताना अक्षर इतकं जपून काढत होते, की मला तिथे बसवेना. पुढचे काही आठवडे तसेच गेले. कधीकधी एकच गोष्ट ते सकाळी विचारत आणि दुपारी पुन्हा. माझी टिंगल करतायत का, असंही एकदा वाटून गेलं.

त्या उन्हाळ्यात त्यांनी म्युनिकजवळ, उंटरश्लाइसहाइमच्या एका कंपनीत काम धरलं आणि घरचे सगळे तिकडे गेले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला विचारलं, सगळं सांगून झालंय ना? मी म्हटलं, हो. ते गेले. दिवाळीला एखादा मेसेज, तेवढंच.

पाच वर्षांनी मी माझ्या हाताखालच्या मुलीला एश्बॉर्न स्यूडच्या फलाटावर काहीतरी समजावत होते. एस-बानची लोकल यायला सात मिनिटं होती. ती एका कानात इअरफोन ठेवून ‘हं, हं’ करत होती. आणि मला एकदम तो फलाट दिसला, तोच, पण बर्फाने ओला, आणि शेजारी ते उभे. हातात डब्याची पिशवी. माझ्या कानात आईचा फोन चालू. ते म्हणत होते, पूस आता पडद्याला नाही हं, पडद्याला कोरं, पूस लॉगला. मी मान डोलावून म्हटलं होतं, हं.

गाडीत बसल्यावर मला वाटलं, हे मीच रचतेय. इतक्या वर्षांनी असं लख्ख कसं आठवेल? पण ‘कोरं’ हा शब्द मला दुसरीकडून कुठून येणार? तो मी कधी वापरलाच नव्हता. दोन दिवस मी घोळ घालत बसले. शनिवारी फोन केला.

काकूंनी उचलला. मग ते आले. तब्येत, मुलगी, हवा. माझ्याच्याने थांबवेना.

“काका, तुम्ही मला सांगितलं होतं,” मी म्हणाले. “पूस बदललंय म्हणून. सोमवारी, फलाटावर. मी हं म्हणाले होते. मला आत्ता आठवलं.”

एका दमात मी पुढचंही विचारलं.

“मग तुम्ही बैठकीत सांगितलं नाही असं का म्हणालात? माझ्यासाठी?”

“तुझ्यासाठी कसलं,” ते म्हणाले. आवाज अगदी बारीक आला. “तू इतक्या खात्रीने नाही म्हणालीस, की मला वाटलं, नसेलच सांगितलं. मला आठवत होतं तसं, पण तू तर तरुण.” मग म्हणाले, “म्हणजे सांगितलं होतं ना मी?”

“हो.”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. लांबून ते काकूंना सांगत होते, अगं, ती म्हणतेय मी सांगितलं होतं. फलाटावर सांगितलं होतं. मी म्हणत नव्हतो?

काकू फोनवर आल्या. मग म्हणाल्या, “बरं झालं गं सांगितलंस. तुला कल्पना नाही. त्या वेळेपासून यांनी धसकाच घेतलाय. काही बोलून झालं की विचारतात, मी बोललो ना हे? गाडी चालवायची सोडली. डॉक्टर म्हणतात काही नाही तुम्हाला, तर त्यांच्यावर विश्वास नाही.”

पाच वर्षं मी त्यांच्या त्या एका वाक्यावर रागावून होते, आणि ते माझ्या वाक्याला धरून बसले होते.

मागून त्यांनी काहीतरी विचारलं. काकू म्हणाल्या, “थांब हं. ते विचारतायत, तेव्हा बर्फ होतं का?”

“होतं,” मी म्हणाले. “त्यांच्या हातात डब्याची पिशवी होती.”

काकूंनी ते तसंच्या तसं त्यांना सांगितलं.